तेलाचा डबा किती दिवस पुरला?

रविवारी सकाळी नाशिकमध्ये दोन ठिकाणी गर्दी असते. सहा-साडेसहाला गोल्फ क्लब मैदानाच्या आणि कृषीनगरच्या जॉगिंग ट्रॅकवर, आणि नऊच्या पुढे मिसळीच्या टेबलांवर. पुष्कळदा माणसं तीच असतात. सकाळी तासभर चाललो, आता मिसळ हक्काची, असा साधा हिशेब प्रत्येकाच्या मनात असतो. तो एकदा कागदावर मांडून पाहू.

एका मिसळीत कोरडी मोजली तर साधारण 30 ग्रॅम मटकी असते, तिचे 100 कॅलरी. फरसाण-शेव 40 ग्रॅम, त्याचे 220. तर्रीतून दोन मोठे चमचे तेल पोटात गेलं तर 240. दोन पाव 200, आणि तळलेल्या पापडाचे 40 धरा. बेरीज आठशेच्या घरात जाते. आता चालण्याचं पाहू. 65 किलो वजनाचा माणूस ताशी पाच किलोमीटरच्या गतीने तासभर चालला, तर त्याचे साधारण 225 कॅलरी खर्च होतात. पण तो तासभर घरी बसून राहिला असता तरी 65 कॅलरी खर्च झालेच असते. म्हणजे चालण्याने जादा खर्च झाले ते 160. मिसळीचा पाचवा हिस्सा! हातातलं घड्याळ बहुधा 225 चा आकडा दाखवतं, आणि आपण तो पूर्ण आकडा जमेला धरतो.

म्हणून मिसळ खाऊ नये, असं मी म्हणणार नाही. मोड आलेली मटकी हा नाशिककरांच्या आहारातला अतिशय चांगला भाग आहे. या आकडेमोडीतून कळतं ते एवढंच, की आठशेतले साडेचारशेहून जास्त कॅलरी फरसाण आणि तर्री या दोनच गोष्टींतून येतात. तर्री आपल्याकडे वेगळ्या वाटीत येते, ती किती ओतायची हे आपल्या हातात असतं. हे एकदा स्वतः मांडून पाहिलेला माणूस पुढच्या रविवारी वाटीकडे वेगळ्या नजरेने पाहतो. पोषणशास्त्र शिकायचं ते असं शिकावं, असं माझं ठाम मत आहे.

शाळेत आपण ते तक्त्यातून शिकलो. 'अ' जीवनसत्त्व कमी पडलं की रातांधळेपणा, 'ब-1' कमी पडलं की बेरीबेरी, 'क' कमी पडलं की स्कर्व्ही, 'ड' कमी पडलं की मुडदूस. तक्ता अचूक होता, पाठही झाला. पण नववीतल्या किती मुलांनी आपल्या घरच्या पोळीला किती ग्रॅम पीठ लागतं ते मोजून पाहिलं? काल दिवसभरात मी किती प्रथिनं खाल्ली, हा प्रश्न विज्ञानाच्या तासाला कधी विचारला गेला? शास्त्र मात्र अशाच प्रश्नांतून वाढलं. इटलीतल्या पादुआ इथे सांतोरिओ नावाचा वैद्य होता. त्याने तराजूला टांगलेली एक खुर्ची बनवून घेतली आणि तिच्यात बसून कित्येक वर्षं स्वतःचं वजन, खाल्लेलं अन्न, प्यायलेलं पाणी आणि शरीराबाहेर पडलेलं सगळं मोजलं. 1614 साली त्याचं पुस्तक आलं. दिवसाकाठी आठ पौंड अन्नपाणी घेतलं, तर त्यातले पाचेक पौंड डोळ्यांना न दिसता, त्वचेतून आणि श्वासातून निघून जातात, हे त्याच्या लक्षात आलं होतं. चयापचयाच्या मोजमापाची सुरुवात एका माणसाने स्वतःच्याच ताटापासून केली.

आपल्याला अशा खुर्चीची गरज नाही. घरात एक उत्तम नोंदवही आधीपासून असते, ती म्हणजे वाण्याची यादी.

तेलाचा नवा डबा फोडाल त्या दिवशी त्याच्यावर तारीख घाला आणि तो संपेल तेव्हा दुसरी. चौघांच्या घरात पाच लिटरचा डबा महिनाभर पुरतो असं समजा. पाच लिटर तेलाचं वजन सुमारे 4,550 ग्रॅम. चार माणसं, तीस दिवस, म्हणजे 120 ने भागा. माणशी रोज 38 ग्रॅम तेल, 340 कॅलरी. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने 2024 साली भारतीयांसाठी आहाराची नवी मार्गदर्शक तत्त्वं प्रसिद्ध केली. त्यात 2,000 कॅलरींच्या दिवसभराच्या ताटात तेल-तुपाला 27 ग्रॅम दिले आहेत. तुमच्या घरी तूप, लोणी, बाहेरची भजी आणि ती रविवारची तर्री यांची भर अजून पडायचीच आहे. तळणाचं काही तेल टाकून दिलं जातं, तेवढं वजा करा. तरीही चित्र स्पष्ट होतं.

हीच रीत मिठाला लावा. किलोची पिशवी चौघांना महिन्याला लागत असेल तर माणशी रोज 8 ग्रॅमच्या वर मीठ झालं, आणि मर्यादा 5 ग्रॅमची आहे. लोणचं, पापड, चिवडा, वेफर्स यांतलं मीठ या पिशवीत नाहीच. साखर चार किलो येत असेल तर माणशी 33 ग्रॅम. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते ती पंचवीसच्या आत असलेली बरी. गूळ आणत असाल तर तोही यातच धरायचा, शरीर त्याला वेगळी वागणूक देत नाही. या हिशेबात कुणाची आठवण चाचपावी लागत नाही की कुणाला खोटं बोलावं लागत नाही. डबा संपला तो संपला. म्हणून ज्यांना सुरुवात करायची आहे, त्यांना मी कॅलरी मोजणाऱ्या कुठल्याही अ‍ॅपच्या आधी हीच रीत सांगते.

घरगुती सामानावरून आहाराचा अंदाज घेण्याची पद्धत महाराष्ट्राला नवी नाही. पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेतले वि. म. दांडेकर आणि नीळकंठ रथ यांनी 1971 साली भारतातल्या दारिद्र्यावरचा आपला गाजलेला अभ्यास मांडला, तेव्हा त्यांच्यासमोर राष्ट्रीय नमुना पाहणीने गोळा केलेले कुटुंबांच्या खर्चाचे आकडे होते. माणशी रोज 2,250 कॅलरी मिळवून देणारा खर्च जे कुटुंब करू शकत नाही ते गरीब, अशी रेषा त्यांनी आखली. या रेषेवर सर्वात मूलभूत आक्षेप घेतला तो दुसऱ्या एका मराठी माणसाने. त्या वादाचं मोल धोरणकर्त्यांइतकंच स्वतःच्या जेवणाची वही ठेवणाऱ्या प्रत्येकाला आहे, म्हणून तो जरा सविस्तर सांगायला हवा.

पांडुरंग वासुदेव सुखात्मे मूळचे सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचे. जन्म 1911 चा. संख्याशास्त्रात जगभर नाव कमावलेला हा माणूस संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेत सांख्यिकी विभागाचा प्रमुख होता आणि निवृत्तीनंतर पुण्याला येऊन काम करत राहिला. सुखात्मे यांचं म्हणणं थोडक्यात असं: एकाच निरोगी माणसाचा आहार पाहा. त्याचं वजन तेच आहे, काम तेच आहे, तरी तो रोज सारख्या कॅलरी खात नाही. आज जास्त, उद्या कमी. आठवड्याची सरासरी काढली तरी पुढच्या आठवड्याची तिच्याशी तंतोतंत जुळत नाही. हा फरक म्हणजे मोजण्यातली चूक नव्हे, तो शरीराच्या स्वभावाचाच भाग आहे. शरीर एका मर्यादेत स्वतःला सावरून घेतं. त्यामुळे सरासरी गरजेचा एकच आकडा घेऊन त्याच्या खालच्या सगळ्यांना उपाशी ठरवणं संख्याशास्त्राला धरून नाही. अमेरिकेतल्या बर्कली विद्यापीठातले शेल्डन मार्गेन या संशोधनात त्यांचे सहकारी होते.

दांडेकरांनी याला कडक उत्तर दिलं. सी. गोपालन यांच्यासारख्या पोषणतज्ज्ञांनीही सुखात्म्यांचं म्हणणं मान्य केलं नाही. कमी खाण्याशी शरीर जुळवून घेतं असं एकदा मानलं, की भुकेलेल्या माणसालाही निरोगी म्हणून बाजूला काढता येतं, ही त्यांची भीती होती आणि ती रास्त होती. जुळवून घेण्याची किंमत शरीर देतंच: उंची खुंटते, काम कमी होतं. गरिबी मोजण्याच्या बाबतीत मी स्वतः टीकाकारांच्या बाजूची आहे. पण सुखात्म्यांच्या मांडणीतला चढउताराचा भाग पक्का आहे. पोटभर जेवणाऱ्या, स्वतःचा आहार समजून घेऊ पाहणाऱ्या माणसाला त्याचा फार उपयोग आहे. त्यांचा आणखी एक आग्रह होता. अस्वच्छ पाणी आणि सततचे पोटाचे आजार असतील तर खाल्लेलं अंगी लागत नाही, म्हणून पोषणाचा विचार ताटापाशी थांबवू नका, असं ते सांगत.

एका दिवसाच्या नोंदीवरून काहीच ठरवता येत नाही, हा या सगळ्यातून निघणारा पहिला धडा. ब्रिटनमध्ये 1950 च्या दशकात लष्करी छात्रांचं रोजचं खाणं आणि रोजचा ऊर्जेचा खर्च दोन आठवडे मोजला गेला. ज्या दिवशी श्रम जास्त त्या दिवशी जेवण जास्त, असा संबंध दिसलाच नाही. भूक जणू दोन दिवस उशिरा येत होती. पुढच्या अभ्यासांत हा दोन दिवसांचा नियम इतका ठळकपणे आढळला नाही. पण खाणं आणि खर्च यांचा मेळ दिवसाच्या पातळीवर बसत नाही, आठवड्याच्या पातळीवर बराच बसतो, हे टिकून राहिलं. पांडवलेणीचा डोंगर रविवारी चढून आलात आणि मंगळवारी दोन पोळ्या जास्त गेल्या, तर वहीत त्या दोन्ही गोष्टी एकाच आठवड्याच्या पानावर दिसायला हव्यात.

वजनाचंही तसंच. शरीरात साठवलेल्या एक ग्रॅम ग्लायकोजेनबरोबर तीनेक ग्रॅम पाणी साठतं, आणि खारट जेवणानंतर ते आणखी धरून ठेवलं जातं. लग्नाच्या जेवणानंतर सकाळी काटा किलोभर पुढे गेला तर ती बहुतेक सगळी पाण्याची करामत असते. चरबी एका रात्रीत किलोभर वाढत नाही. रोज सकाळी एकाच वेळी वजन करून सात दिवसांची सरासरी लिहावी. मग एका सरासरीची पुढच्या सरासरीशी तुलना करावी.

आता रोजच्या वहीकडे येऊ. आहार पाहणीची जुनी पद्धत अशी, की काल सकाळपासून रात्रीपर्यंत काय काय खाल्लं ते विचारायचं आणि भांड्याच्या मापाने लिहायचं. 1972 साली सुरू झालेल्या राष्ट्रीय पोषण निरीक्षण ब्युरोचे कार्यकर्ते खेडोपाडी हिंडत तेव्हा त्यांच्यासोबत ठराविक मापाच्या बारा वाट्या-पेल्यांचा संच असे. 'एक वाटी आमटी' हे उत्तर प्रत्येक घरात वेगळं असतं, म्हणून ही सोय. आपल्या घरी एकच काम करायचं: स्वयंपाकघरातला छोटा डिजिटल काटा आणून आपली वाटी, आपला डाव, आपला तेलाचा चमचा एकदा मोजून घ्यायचा. पोळीची कणीक किती, भाकरीचं पीठ किती, तेही. मग पुन्हा पुन्हा तोलायची गरज पडत नाही.

एका दिवसाचं उदाहरण घेऊ. 60 किलो वजनाच्या माणसाला प्रथिनं किती लागतात? भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या 2020 च्या शिफारशीनुसार किलोमागे 0.83 ग्रॅम. आहार मुख्यतः धान्यांवर असेल, तर ती प्रथिनं थोडी कमी प्रतीची म्हणून किलोमागे एक ग्रॅम धरावा. म्हणजे पन्नास ते साठ ग्रॅम. आता ताट मोजा. 30 ग्रॅम कणकेच्या चार पोळ्यांतून 13 ग्रॅम. 60 ग्रॅम तांदळाच्या भातातून 5. एक वाटी वरणात 25 ग्रॅम तूरडाळ असेल तर 5. वाटीभर मटकीची उसळ, 6. चहातलं आणि दह्याचं मिळून 200 मिलिलिटर दूध, 7. भाजीतलं दाण्याचं कूट, साडेतीन. बेरीज चाळीसच्या आसपास थांबते. चांगलं भरलेलं शाकाहारी ताट, पोट तुडुंब, तरी दहा ते वीस ग्रॅमची तूट आहे! उसळीची आणखी एक वाटी, मूठभर फुटाणे आणि वाटीभर दही एवढ्याने ती बहुतेक भरून निघते. मांसाहारी घरांतही आठवड्यातून एकदाच मटण-मासे होत असतील, तर उरलेल्या सहा दिवसांची वही अशीच दिसते. प्रथिनांच्या महागड्या पावडरींकडे वळण्याआधी ही बेरीज प्रत्येकाने करावी. बहुतेकांना उत्तर किराण्याच्या दुकानातच सापडेल.

वहीत उपवासाची पानं वेगळ्या रंगाने लिहावीत. एकादशी, चतुर्थी, श्रावणी सोमवार, नवरात्र धरलं तर काही घरांत वर्षाचे कितीतरी दिवस उपवासाचे असतात. 70 ग्रॅम साबुदाण्याचे सुमारे 245 कॅलरी, 25 ग्रॅम दाण्याच्या कुटाचे 140, तुपाचे शंभर, वर बटाटा. खिचडीची एक बशी सहज पाचशेच्या वर जाते. साबुदाण्यात प्रथिनं जवळजवळ नसतात. जी मिळतात ती कुटातून. त्या मानाने नाशिककरांची भगर दाण्याच्या आमटीबरोबर खाल्ली तर बरीच उजवी. उपवास श्रद्धेचा आहे, त्याला हात लावायचं कारण नाही. त्या दिवशी शरीराला काय मिळालं एवढंच लिहायचं.

या वहीत सर्वात मोठा अडथळा आपलाच असतो. 1992 साली अमेरिकेत एक अभ्यास झाला. आपण फार कमी खातो तरी वजन उतरत नाही, अशी मनापासून तक्रार असलेली माणसं त्यात होती. त्यांचा खरा ऊर्जेचा खर्च समस्थानिकयुक्त पाणी पाजून मोजला गेला. या पाण्यातल्या हायड्रोजन आणि ऑक्सिजनचे खास अणू शरीरातून किती वेगाने बाहेर पडतात, त्यावरून खर्च झालेली ऊर्जा कळते. या लोकांनी आपलं खाणं सरासरी 47 टक्के कमी सांगितलं होतं आणि हालचाल 51 टक्के जास्त. ही माणसं खोटारडी नव्हती. चव पाहताना खाल्लेला घास, मुलाच्या ताटातली उरलेली पोळी, ऑफिसातल्या वाढदिवसाचा केक, दुसऱ्या चहाबरोबरची बिस्किटं हे सगळं 'जेवण' म्हणून मनात नोंदलंच जात नाही. घरात स्वयंपाक करणाऱ्या बाईच्या बाबतीत तर दोन्ही बाजूंनी चुकतं. तिचे येताजाता खाल्लेले घास वहीत येत नाहीत, आणि सगळ्यांचं झाल्यावर जेवायला बसताना तिच्या वाट्याला उसळ, दूध, भाजी किती उरली होती हेही येत नाही. तिची वही तिने स्वतः लिहावी आणि घराने ती वाचावी, असं मला फार वाटतं.

यावरचा उपाय म्हणजे खाल्ल्या खाल्ल्या लिहिणं. रात्री आठवून लिहिलेली वही आणि तिथल्या तिथे लिहिलेली वही यांत फार अंतर असतं. नुसतं लिहिण्यानेही फरक पडतो. 2008 साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात सुमारे सतराशे माणसं होती. ज्यांनी आठवड्यातून सहा दिवस नोंद ठेवली, त्यांचं वजन नोंद न ठेवणाऱ्यांच्या जवळपास दुप्पट उतरलं.

खाण्याइतकीच हालचालीची नोंद महत्त्वाची, आणि तिच्यात व्यायामाचा तास हा लहानसा भाग असतो. वैद्यकीय संशोधन परिषदेच्या 2020 च्याच शिफारशींमध्ये 55 किलोच्या स्त्रीसाठी बैठं काम असेल तर 1,660 कॅलरी सांगितल्या आहेत, आणि कष्टाचं काम असेल तर 2,720. वजन तेच, फरक हजाराहून जास्त कॅलरींचा. पेठ-सुरगाण्याकडे डोंगरउतारावर नागली लावणारी, विहिरीचं पाणी वाहणारी बाई आणि तिची सिडकोत राहून संगणकासमोर काम करणारी मुलगी, यांच्यातलं हे अंतर आहे. आईचं ताट मुलीच्या घरी आलं, श्रम गावीच राहिले. संध्याकाळच्या तासाभराच्या चालण्याने हजार कॅलरींची दरी भरत नाही. बसण्याचे तास वेगळे मोजावे लागतात. 2005 साली संशोधक जेम्स लेव्हिन यांच्या गटाने काही सडपातळ आणि काही स्थूल माणसांच्या अंगावर हालचाल टिपणारी यंत्रं बसवली होती. स्थूल माणसं दिवसाला दोनेक तास जास्त बसून होती. बाकीच्यांसारखं ती उठून वावरली असती, तर व्यायाम न करताही दिवसाला साडेतीनशे कॅलरी जास्त खर्च झाले असते.

श्रम कसे वाढवावेत याचं मला सर्वात आवडणारं उदाहरण विनोबांचं आहे. 1938 च्या मार्चमध्ये ते वर्ध्याजवळ पवनारला आले तेव्हा प्रकृती पार ढासळली होती आणि वजन 88 पौंड, म्हणजे 40 किलो होतं. त्यांनी शेतात खणायला सुरुवात केली ती पाच मिनिटांपासून. मग रोज थोडी थोडी मिनिटं वाढवत नेली. यथावकाश त्यांचं वजन 128 पौंडांवर गेलं. आजचे व्यायामशिक्षक हेच तत्त्व सांगतात: भार हळूहळू वाढवा, शरीराला सवय होऊ द्या, आणि किती वाढवला ते लिहून ठेवा. जानेवारीत पहिल्याच दिवशी दहा किलोमीटर धावून फेब्रुवारीत गुडघा धरून बसणाऱ्यांनी या पाच मिनिटांचा विचार करावा.

मात्र वजनकाटा सगळं सांगत नाही. त्याचा सर्वात बोलका पुरावा एका मराठी डॉक्टरने स्वतःचं शरीर दाखवून दिला. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले मधुमेहतज्ज्ञ डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन या दोघांनी 2004 साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात एकमेकांशेजारी उभं राहून काढलेलं छायाचित्र छापलं. उंचीच्या मानाने वजन मोजणारा निर्देशांक, ज्याला आपण बीएमआय म्हणतो, दोघांचाही 22.3 होता. अगदी निरोगी आकडा. पण क्ष-किरणांच्या खास तपासणीत युडकिन यांच्या शरीरात 9.1 टक्के चरबी निघाली आणि याज्ञिकांच्या शरीरात 21.2 टक्के. युडकिन मॅरेथॉन धावणारे. याज्ञिकांनी आपल्या बाजूला व्यायामाचा अभाव तर नोंदवलाच, शिवाय जन्माच्या वेळी आपलं वजन कमी होतं हेही लिहिलं. आईच्या पोटात झालेल्या कुपोषणाचा हा ठसा असू शकतो, हा त्यांच्या आयुष्यभराच्या संशोधनाचा विषय. पुण्याजवळच्या सहा खेड्यांत 1993 पासून त्यांच्या गटाने गरोदर स्त्रियांचा आणि पुढे त्यांच्या मुलांचा अभ्यास केला. तिथली बाळं वजनाला कमी होती, पण त्यांच्या अंगी चरबी मात्र त्या मानाने टिकून होती. ज्या आयांच्या जेवणात पालेभाज्या, फळं आणि दूध जास्त होतं, त्यांची बाळं अधिक वजनाची निघाली.

म्हणून वहीत वजनाशेजारी कमरेचा घेर लिहावा. शिंप्याची टेप पुरते. आपल्याकडच्या पुरुषांसाठी 90 सेंटिमीटर आणि स्त्रियांसाठी 80 ही सावध होण्याची रेषा मानली जाते. हातपाय काटकुळे, पोट सुटलेलं आणि काटा 'नॉर्मल' दाखवतोय, हे चित्र आपल्या आसपास किती आहे! अशा माणसाने वजन कमी करण्यामागे लागण्यापेक्षा स्नायू वाढवण्यामागे लागावं. आठवड्यातून दोनदा ताकदीचा व्यायाम, आणि मघाच्या बेरजेतली ती तूट भरून काढणं.

मग कुणाचं ऐकायचं? 2018 च्या सुमारास महाराष्ट्रातल्या घराघरांत दोन बाजू पडल्या होत्या. डॉ. जगन्नाथ दीक्षित सांगत होते, दिवसातून दोनदाच, प्रत्येक वेळी 55 मिनिटांच्या आत जेवा. ऋजुता दिवेकर सांगत होत्या, दर दोन-तीन तासांनी थोडं थोडं खा. दोघांचंही ऐकून बरं वाटलेली माणसं मला माहीत आहेत. लोक वाद घालत राहिले, स्वतःच्या शरीरावर पडताळा मात्र थोड्यांनीच घेतला. पडताळा घेणं शक्य असतं. आधी दोन आठवडे काही न बदलता नोंद करा. मग एकच गोष्ट बदला आणि तितकेच दिवस नोंद करा. मग जुन्या पद्धतीवर परत येऊन पाहा. जेवणाच्या वेळा, तेल आणि व्यायाम तिन्ही एकदम बदललेत, तर कशाने काय झालं ते कधीच कळणार नाही.

रक्तातल्या साखरेच्या बाबतीत हे विशेष खरं आहे. इस्रायलमधल्या वाइझमन संस्थेने 2015 साली 800 लोकांवर केलेल्या अभ्यासात दिसलं की तोच पदार्थ, तितकाच खाऊन एकाची साखर खूप चढते आणि दुसऱ्याची जेमतेम. ज्यांच्या घरी ग्लुकोमीटर आहे त्यांनी नाश्त्याआधी आणि नंतर दोन तासांनी साखर मोजून पोहे, उपमा, नागलीची भाकरी यांची तुलना करावी. जेवून लगेच झोपल्यावर आणि शतपावली केल्यावर काय फरक दिसतो, तोही पाहावा. जेवणानंतरच्या थोड्या चालण्याने साखरेची उसळी कमी होते, हे अनेक प्रयोगांत दिसलेलं आहे. तुमच्या बाबतीत ती किती कमी होते, हे तुमच्याच वहीत सापडेल. इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी जेवण कमी करण्याचा कुठलाही प्रयोग डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नये, साखर एकदम खाली जाण्याचा धोका असतो. गरोदर बाई आणि वाढीच्या वयातली मुलं यांच्यासाठी वही फक्त काय मिळतंय ते पाहायला ठेवावी, कमी करायला नव्हे. आणि लिहिण्याने जेवणाची धास्तीच वाटू लागली, घासागणिक अपराधी वाटू लागलं, तर वही मिटावी आणि कुणाशी तरी बोलावं.

काही गोष्टी वहीतून थेट दिसत नाहीत, पण कुठे पाहायचं ते कळतं. लोहाचं तसंच, आणि 'ब-12' जीवनसत्त्वाचं त्याहून जास्त. ते फक्त प्राणिज पदार्थांत असतं, शाकाहारी माणसाला दूध-दह्यातूनच काय ते मिळतं. पुणे परिसरातल्या पुरुषांची याज्ञिकांच्या गटाने तपासणी केली तेव्हा तीनपैकी दोघांमध्ये ते कमी निघालं, आणि त्यात खेड्यातले, झोपडपट्टीतले आणि मध्यमवर्गीय असे सगळे होते. तुमच्या चार आठवड्यांच्या पानांवर अंडी-मासे नाहीत आणि दूध चहापुरतंच आहे असं दिसलं, हातापायांना मुंग्या येतात किंवा कारण नसताना थकवा येतो, तर ही तपासणी करून घ्या. जाताना वही बरोबर न्या. 'काय खाता?' या डॉक्टरांच्या प्रश्नाला आपण एरवी 'घरचंच, साधंच' असं उत्तर देतो. त्याऐवजी त्यांच्या टेबलावर महिनाभराचं जेवण, कमरेचा घेर आणि वजनाच्या चार सरासरी ठेवता येतील.